आपला मोडलेला पोळा

अण्णा, काल पोळा होता आणि मी दिवसभर बर्फात उभी होते. तुम्ही हे ऐकलं असतंत तर आईकडे बघून म्हणाला असतात, "पोरगी थापा मारून राह्यली." थापा नाहीत. मी सध्या ऑस्ट्रिया नावाच्या देशात आहे आणि दुभत्या जनावरांच्या खाण्यापिण्यावर शिकते आहे. म्हणजे परदेशात येऊन वैरण आणि पेंडच शिकते, फक्त इथे त्याला मोठी नावं आहेत. गावातल्या बाया आईला विचारतात, पोरगी तिकडं डॉक्टर व्हायला गेली का काय, आणि आई म्हणते, "गाईचं कायतरी हाय." तिला तेवढं पुरतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं. भोकरदनच्या बसमध्ये उलटी होणारी मी, विमानात बसून इथवर आले, याचंच मला अजून नवल वाटतं.

इथली माणसं उन्हाळाभर गाई डोंगरावरच्या कुरणांत ठेवतात आणि थंडी पडायच्या आत खाली गावात आणतात. खाली आणण्याचा तो दिवस म्हणजे त्यांचा सण. गाईंच्या डोक्यावर फुलांचे मुकुट, रंगीत फिती, मध्ये छोटे आरसे, आणि गळ्यात आपल्या हंड्याएवढ्या घंटा. वर्गात पहिल्यांदा त्याचे फोटो दाखवले तेव्हा मी मराठीतच बोलून गेले, "अगं, हा तर पोळा." शेजारी बसलेल्या केरळच्या मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं. यंदा अधिक महिन्यामुळे आपला पोळा लांबला आणि दोन्ही सण एकाच दिवशी आले. मी मनाशी म्हटलं, आपल्या घरी तर पोळा नसतोच, इथला तरी डोळे भरून बघू. मैत्रिणीला गळ घातली, पहाटे उठून दोन बस बदलल्या, आणि त्या डोंगरगावात उतरलो तर बर्फ.

बर्फ म्हणजे सिनेमात दाखवतात तसा भुरभुरणारा नाही. पातळ खिचडीसारखा, ओला, अंगावर पडला की कपड्यातून आत उतरणारा. इथल्या लोकांनाही सप्टेंबरात त्याची सवय नाही. खाण्याच्या टपऱ्यांची छपरं खाली आली होती. बँडवाल्यांनी आपली वाद्यं प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली होती आणि ते मोठ्या तंबूत बसून बिअर पीत होते. लाउडस्पीकरवरून कोणीतरी सारखी माफी मागत होतं की मिरवणूक रद्द झाली आहे, गाई येतील तशा येतील, लोकांनी वाट बघू नये. मैत्रीण तंबूत शिरली ती शिरलीच. मला म्हणाली, "तुझा सण वाहून गेला, ये सूप पी." मी गेले नाही. जनावर डोंगर उतरून घरी येणार आणि रस्त्यावर त्याला बघायला कोणी नाही, हे मला बरं वाटेना. शिवाय हट्टीपणा कोणाचा घेतलाय ते तुम्हाला माहीत आहे.

उभ्या उभ्या मला तो पावसातला पोळा आठवला. मी दुसरीत किंवा तिसरीत असेन. सगळ्या गावाचे बैल सजून वेशीपाशी आले आणि आभाळ फाटलं. शिंगांचा रंग बैलांच्या डोळ्यांवरून ओघळतोय, झुली भिजून जड झाल्यात, माणसं चिंचेखाली दाटीवाटीने उभी आहेत, आणि तुम्ही एकटे भर पावसात आपल्या अंगावरचं घोंगडं काढून तांबड्याच्या पाठीवर घालताय. आई आडोशाला माझा हात धरून उभी आहे. ती शेजारणीला म्हणते, "बघा, बैलाला घोंगडं आन् सोताला पाऊस. लगीन माझ्याशी लागलंय का त्याच्याशी, समजंना." चिंचेखालचे सगळे हसतात. तुम्हीही हसता, पण घोंगडं काही परत घेत नाही. पुढे आठ दिवस तापाने फणफणलात आणि आईने काढा देताना रोज तेच ऐकवलं. तुम्ही गप्प काढा प्यायचात आणि तिची पाठ वळली की मला डोळा मारायचात.

पोळ्यापुरते तुम्ही वेगळेच माणूस व्हायचात. एरवी तुम्ही कमी बोलणारे. पण आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायला बसलात की बोलणं थांबायचं नाही, आणि तेही आमच्याशी नाही, त्यांच्याशी. वर्षभर जू वागवून खांद्याला पडलेला घट्टा अंगठ्याने दाबत दाबत तुम्ही म्हणायचात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." असं सगळेच म्हणतात, गावोगाव म्हणतात. पण तुम्ही म्हणून झाल्यावर थांबायचात, जणू त्यांनी हो म्हटल्याशिवाय उठायचं नाही. एका पोळ्याला तांबड्याच्या जोडीच्या बांड्याने माझ्या पायावर पाय दिला आणि मी रागाने त्याच्या तोंडावर चापट मारली. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी असं बघितलंत की मारलं असतं तर बरं झालं असतं. "आज तो पाव्हणा हाय," एवढंच म्हणालात. मग मला पाण्याचा तांब्या दिलात आणि त्याचे चारही पाय माझ्याकडून धुवून घेतलेत. मी रडत रडत धुतले. संध्याकाळी राहिलेला एक लाल गोंडा तुम्ही माझ्या दप्तराला बांधलात. शाळेत पोरं मला वर्षभर "ए बैल" म्हणून चिडवत होती, तरी मी तो सोडला नाही.

आणि मग तो पोळा, मी नववीत असतानाचा. रंगाचा डबा माझ्या हातात होता, म्हणून मला सगळं दिसलं. तांबड्याची दोन्ही शिंगं झाली होती. बांड्याचं एक झालं. दुसऱ्याला हात लावायच्या आधी तुम्ही छातीवर हात ठेवून मळ्यातल्या गोठ्याच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "डबा सांभाळ, सांडंल." मी डबा सांभाळत बसले. काकांनी जीप आणली. वेशीत सगळ्या गावाचे बैल उभे होते, त्यांच्यातूनच जीप काढावी लागली. वाजंत्री थांबली, लोकांनी बैल दोन्ही बाजूंना दाबून धरले, आणि तुम्ही सजलेल्या बैलांच्या मधून गेलात. भोकरदनला पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. बांडा पुढे कितीतरी दिवस एक शिंग रंगवलेला आणि एक कोरा असा फिरत होता. रंग आपोआप उडेपर्यंत आईने तो कोणाला पुसू दिला नाही.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, रीत तुम्हाला माहीत आहे. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की त्या घराचा तो सण मोडतो. मग त्याच दिवशी घरात मूल जन्माला यावं लागतं, नाहीतर गोठ्यात वासरू, तेव्हा सण सुटतो. तोवर पोळ्याला आपल्याकडे चूल पेटते ती पिठलं-भाकरीपुरती. ढोल ऐकू येऊ नये म्हणून आई त्या दिवशी भर दुपारी दार लोटून घ्यायची. फक्त नालबंद चाचा, आपल्या बैलांना तुमच्या हयातीत नाल ठोकायचे ते, पहिल्याच वर्षी दाराबाहेर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सण तुमचा बंद हाय भाभी, बराबर हाय. जनावराचा कशापायी बंद?" आईने दार उघडलं नाही, पण आतून नाही असंही म्हणाली नाही. चाचांनी बैल आपल्या दारात नेले, अंग धुतलं, बाजरी खाऊ घातली, आणि रंगाचं बोटही न लावता परत आणून बांधले. जोवर बैल होते तोवर दर पोळ्याला हे व्हायचं. तांबडा म्हातारा होऊन आपल्याच गोठ्यात गेला आणि बांडाही त्याच्यामागे फार राहिला नाही.

आम्ही वासराची वाट बघायचो, अण्णा. भाऊ तर उघड उघड हिशेब करायचा, गाय कधी भरली, कधी विणार. एकदा तसं जुळूनही आलं होतं. मी तेव्हा परभणीला शिकत होते आणि पोळ्याच्या रात्री फोन केला तर भाऊ म्हणाला, अजून काही नाही. रात्रभर गाईपाशी राहिलेल्या आईने दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यातून येऊन सांगितलं की पहाटे गोऱ्हा झाला. एका रात्रीने हुकलं. भाऊ इतका चिडला की दोन दिवस गाईशी बोलला नाही, दूध काढताना सुद्धा. तुमच्यावरच गेलाय तो. नंतर त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती दिवाळीच्या आसपासची. आता ट्रॅक्टर भाड्याने येतो. गोठ्यात गाय आहे, कधी जुवाखाली न गेल्यामुळे अजून गोऱ्हाच म्हणवणारा तो आहे, आणि पोळा मोडलेला तो मोडलेलाच.

तर काल. पहिले दोन-तीन कळप आले, मुकुटांची फुलं भिजून लोंबत होती, फितींचा रंग गाईंच्या तोंडावर उतरला होता. माणसं मान खाली घालून भरभर निघून गेली. बऱ्याच वेळाने शेवटचा कळप आला. त्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. ना फूल, ना फीत, ना मोठी घंटा. पुढे एक म्हातारी बाई काठी घेऊन चालत होती, आईपेक्षा थोडी मोठी, डोक्याला रुमाल. मागे तिचा मुलगा असावा. एक गाय माझ्यापाशी येऊन थांबली आणि माझ्या कोटाची बाही चाटायला लागली, म्हणून त्या बाईलाही थांबावं लागलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, बर्फ होता म्हणून सजवल्या नाहीत का? ती म्हणाली, "नाही. उन्हाळ्यात माझा नवरा गेला. अशा वर्षी आम्ही फुलं बांधत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मग मीही तिला सांगितलं, आमच्याकडेही आज हाच सण आहे, बैलांचा, आणि आमच्याही घरी सजवत नाहीत, माझे वडील याच दिवशी गेले म्हणून. माझी जर्मन बघता तिला किती कळलं कोणास ठाऊक, पण तिने गाईला हाकललं नाही. आम्ही बरोबर चालायला लागलो. तिच्या गोठ्यापर्यंत मी गाईंच्या मागे गेले, शेण तुडवत, हाकारे घालत, आणि किती दिवसांनी मला माझे हातपाय माझेच वाटले. वाटेत ती म्हणाली, पुढच्या वर्षी परत बांधू फुलं, एक वर्ष झालं की झालं. तिने विचारलं, तुमचं किती वर्षांचं असतं? मी म्हटलं, वर्षांवर नसतं. मग कोण ठरवतं? मी म्हटलं, वासरू. ती हसली नाही. थोडा विचार करून तिने मान हलवली आणि म्हणाली, "वासरांना घाई नसते." तिच्या गोठ्याला तोच वास होता, अण्णा. गवत वेगळं, गाई वेगळ्या, पण वास तोच, आणि मी तिथे खांबाला धरून उभी राहिले, कारण मला तुमची इतकी आठवण आली की निघवेना.

परतीच्या बसमध्ये मैत्रीण ओले मोजे काढून झोपली आणि मी आईला फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. मी तिला सगळं सांगितलं, बर्फ, ती बाई, फुलं न बांधलेल्या गाई. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "तिला सांगायचं व्हतं की घाई नको करू म्हनून." मी विचारलं, कसली घाई? त्यावर आई जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत तुम्हाला सांगते.

"ते वासरू पोळ्यालाच झाल्तं गं."

"कोणतं?"

"हाच की आपला गोऱ्हा. तू परभणीला व्हतीस. भाऊ वेशीकडं गेल्ता बघाया. मी एकलीच मळ्यात. उन्हं उतरायच्या आत मोकळी झाली गाय."

"तू तर पहाटे झाला म्हणून सांगितलंस."

"सांगितलं." मग ती सांगत गेली. "गाय वासराला चाटून राह्यली व्हती आन् मी बसले पायरीवर. म्हन्लं, आता उठून घरी सांगायचं. मंग समदे म्हनतील सुटला सण, घाला डाळ, आणा रंग. त्या दिवशी आपल्या दारात ढोल वाजंल. मला उठाया न्हाई झालं. म्हन्लं, राहू दे त्यांचा दिवस अजून थोडा."

खिडकीबाहेर बर्फाचं पाणी होऊन ओघळत होतं. आई पुढे बोलत राहिली. सांगत होती की नात सकाळपासून शेजारच्या दारात उभी होती, त्यांचे बैल रंगवताना बघत. मग घरी येऊन आईचा पदर धरून तिने विचारलं, "आज्जी, आपला गोऱ्हा आजारी हाय का?" आई म्हणाली, "आता तिला काय सांगू? आन् खोटं तरी किती दिस बोलू? तवा तू त्यांच्यापाशी व्हतीस, डबा तुझ्या हातात व्हता. तू सांग. डाळ घालू का शिजाया?"

मी म्हटलं, घाल.

तास-दीड तासाने भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. "मी दोन दिस त्या गाईशी बोललो न्हाई, आन् गाय बिलकुल बराबर व्हती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. एवढ्या उशिरा रंग कुठला मिळायला, म्हणून त्याने भिंतीला लावायचा गेरू कालवला होता. त्याच्या कडेवर बसून पोरगी गोऱ्ह्याची शिंगं रंगवत होती. पोरीचे हात चिमुकले, त्यामुळे गेरू शिंगापेक्षा गोऱ्ह्याच्या कपाळावर, बापाच्या सदऱ्यावर आणि तिच्या स्वतःच्या नाकावर जास्त. वहिनीने ओवाळलं. आई मागे दारात उभी होती, पण पायांवर पाणी घालायची वेळ आली तेव्हा वहिनीने तांब्या तिच्याच हातात दिला आणि तिने घातलं. डाळ कच्ची राहिली म्हणे, पुरण काही नीट वाटलं गेलं नाही, पोळ्या फाटल्या. गोऱ्ह्याने फाटक्या पोळ्या खाल्ल्या आणि वर पोरीची ओढणीही चावली. मी बसमध्ये मोठमोठ्याने हसले, मैत्रीण दचकून उठली, आणि इथले लोक वळून बघायला लागले.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. आईने तो दिवस इतकी वर्षं दार लोटून तुमच्यासाठी धरून ठेवला, आणि तो सोडायचं काम तिने माझ्यावर टाकलं. पुढच्या पोळ्याला आपल्या अंगणात सकाळपासून गडबड असेल. पोरीला रंग हवा असेल, भाऊ ओरडत असेल, आईला पुरणातून डोकं वर काढायला वेळ नसेल, आणि तुमची आठवण कधीतरी दुपारी निघेल, जेवणं झाल्यावर. असंच व्हायला हवं. तुम्हालाही हेच आवडेल, हे मला पक्कं माहीत आहे. तरी एक सांगते. आईने डाळ घालू का विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले नाही. मी इतका वेळ गप्प राहिले की तिला वाटलं रेंज गेली, ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. रेंज होती. मी तिला रेंज गेली असंच वाटू दिलं.